घुबडीची परात

उभ्या आयुष्यात आबांनी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य म्हणजे, "काचेला बोट लावू नका." त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवा चष्मा हातात घ्यायचं, कौतुकाने काचेवरून अंगठा फिरवायचं, आणि इकडे आबा लगेच हात पुढे करायचे. ते चष्मा परत घ्यायचे, मऊ फडक्याने पुसायचे, दांड्या धरून पुन्हा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचे आणि तेच वाक्य परत म्हणायचे. पुढे पुढे ही शिस्त दुकानातून घरातही आली. आबा पिकलेलं फळ काट्याने खायचे. दाराची कडी कोपराने उघडायचे. बागेतल्या बाकावर बसायच्या आधी रुमाल अंथरायचे आणि उठल्यावर तो चिमटीत धरून, हात लांब करून घरी आणायचे. "लग्न ठरलं तेव्हा माझा हात हातात घेतला, तोही आधी पुसून," असं आजी चारचौघांत सांगायची. आजीचं निम्मं बोलणं सोडून द्यावं लागे, पण उरलेलं निम्मं खरंच असायचं.

यंदा पाठीने फारच कुरकुर सुरू केली, तसं आबांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे नातीच्या तावडीत सापडले. लेक माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जावई जहाजावर, म्हणून ती लेकीला घेऊन माहेरीच राहायला आलेली. आजी अजून शाळेत खेळ शिकवायची आणि तिच्या शिट्टीला आख्खी गल्ली दचकायची. तेव्हा पावणेदोन वर्षांच्या नातीला दुपारी पाळणाघरातून आणायचं आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचं, हे काम ओघानेच आबांकडे आलं.

नातीला घरात सगळे घुबडी म्हणायचे. हे नाव आबांनीच पाडलं होतं. "माझ्या नातीला घुबड म्हणता?" म्हणून आजी फणकारली खरी, पण मग स्वतःच तशी हाक मारायला लागली, कारण नाव चपखल बसलं होतं. पोरगी बघायची. मान तिरकी करून, डोळे वाटीएवढे करून, पापणी न लववता बघायची. भिंतीवरून चाललेली मुंगी पार छताला पोचेपर्यंत तिची नजर हटायची नाही. हात मात्र कशाला म्हणून लावायची नाही.

एका दुपारी पाळणाघरातल्या ताईंनी आबांना दारातच थांबवलं.

"आबा, काळजीचं काही नाही हं."

काळजीचं काही नाही असं कुणी म्हटलं, की आबांना हमखास काळजी लागायची.

"बाकीची मुलं वाळूत लोळतात," ताई म्हणाल्या. "ही काठावर उभी राहते, दोन्ही हात वर करून. पोलिसांनी धरल्यासारखी. रंगात बोट बुडव म्हटलं की 'छी' म्हणते. काल मी तिला मळलेल्या पिठाचा गोळा दिला, तर तिने तो मला परत आणून दिला. कागदात गुंडाळून."

"कागदात?" आबांच्या आवाजातलं कौतुक काही लपेना.

"हसू नका हो आबा. डॉक्टरांनी बघितलंय, सगळं ठीक आहे. फक्त सवय हवी. घरी एक पसरट परात नाहीतर टब घ्या. त्यात कधी तांदूळ घाला, कधी ओट्स, कधी पाणी. एखादी वाटी, एखादा चमचा ठेवा. चुकून तोंडात गेलं तरी बाधणार नाही असंच घाला, आणि शेजारी बसून राहा. बाकी काही करायचं नाही. सांडलं तर सांडू द्यायचं."

"सांडू द्यायचं," आबा म्हणाले. हे दोन शब्द सल्ला म्हणूनही कुणी देतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. लेक नुसती हसली. आजी तेवढ्यावर थांबणाऱ्यातली नव्हती.

"कुणावर गेली असेल बाई ही?" ती आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाली. "आई दिवसभर चिखलात हात घालून बसते. आजी मैदानाची धूळ खाते. बाप समुद्रावर. मग हे सोवळं आलं कुठून?"

"माझ्यावर गेली असती," आबा ठसक्यात म्हणाले, "तर जेवायच्या आधी साबण मागितला असता."

"शाबन," घुबडी उंच खुर्चीतून म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. लेकीला जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना.

तर आबांनी मनावर घेतलं. ते मनावर घ्यायचे म्हणजे अगदी मनापासून घ्यायचे. दुसऱ्याच दिवशी ते दुकानात गेले आणि माळ्यावरून काचा ठेवायचा जुना मखमली ट्रे घेऊन आले. त्याला छोटे छोटे चौकोनी कप्पे होते. एका कप्प्यात तांदूळ, एकात ओट्स, एकात कापूस, एकात रवा, एकात स्पंजचा तुकडा असं त्यांनी सगळं भरलं. भरलं म्हणजे पट्टी फिरवून सपाट केलं. रव्याचा कण तांदळात जाऊ नये म्हणून मधल्या पट्ट्या कुंचल्याने झाडल्या. दुपारी घुबडीला आणलं, गालिच्यावर बसवलं, आणि जादूगाराच्या थाटात वरचं झाकण उचललं.

घुबडीने डोळे वाटीएवढे केले. ती ट्रेभोवती एक फेरी मारून आली. प्रत्येक कप्प्यापुढे थांबली, मान तिरकी करून बघितलं. मग तिला ट्रेच्या कडेवर पडलेला तांदळाचा एक दाणा दिसला.

"आबा," ती गंभीरपणे म्हणाली. "छी."

आबांनी खिशातून चिमटा काढून दाणा उचलला आणि त्याच्या कप्प्यात ठेवला. घुबडीने समाधानाने मान हलवली, झाकण आपल्या हाताने ट्रेवर बसवलं आणि टाळ्या वाजवल्या. आजी शाळेतून आली तेव्हा दोघं बंद ट्रेच्या दोन बाजूंना प्रसन्न मुद्रेने बसलेली होती.

"प्रदर्शन झकास झालं म्हणायचं," आजी म्हणाली. "खेळ कधी आहे?"

कप्प्यांत काही राम नाही, एवढं आबांच्या लक्षात आलं. ताईंनी परात म्हटलं होतं, तेव्हा परातच हवी. त्यांनी स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी परात घेतली आणि तांदूळ रंगवायचं ठरवलं. झाकणाच्या डब्यात तांदूळ, त्यात खाण्याचा रंग आणि चमचाभर व्हिनेगर, की डबा हलवत राहायचं. एक डबा निळा झाला, एक पिवळा, एक लाल. रंगलेले तांदूळ त्यांनी गच्चीवर कागद पसरून वाळवले आणि पाखरांना हुसकायला सगळी सकाळ तिथेच खुर्ची टाकून बसले. बोटांना रंग लागू नये म्हणून रबरी मोजे घातले होते. ते वाळलेले तांदूळ परातीत ओततानाही हातात राहिले, आणि घुबडीपुढे बसतानाही राहिले. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

घुबडीने परातीकडे बघितलं. मग आबांच्या हातांकडे बघितलं. मग आपले हात पुढे करून म्हणाली, "मोजे."

"अगं, तुला कशाला मोजे? तू हात घाल की. बघ, कसे छान रंगीत आहेत."

"मोजे," घुबडी म्हणाली. तिच्या खालच्या ओठाने थरथरायची तयारी चालवली होती.

संध्याकाळी लेक कामावरून परतली. बूट काढता काढता तिने दिवाणखान्यात डोकावून बघितलं आणि ती भिंतीला टेकली. परातीच्या अल्याड आबा, पल्याड घुबडी. आबांच्या हातात रबरी मोजे, घुबडीच्या हातात तिचे लोकरीचे मोजे, कोपरापर्यंत ओढलेले. दोघांनी हात छातीशी धरलेले. मध्ये ते रंगीबेरंगी तांदूळ, आणि त्यांना कुणी बोट लावलेलं नाही.

"कुणाचं ऑपरेशन आहे?" लेकीने विचारलं.

"आमचं चाललंय," आबा जरा चिडून म्हणाले. "तिला घाई केलेली चालत नाही."

लेक हसत हसत खाली बसली. तिने परातीत हात घातला, मूठभर तांदूळ उचलले आणि बोटांच्या फटींतून सरसर खाली सोडले. घुबडीने आईकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा मान वळवून आबांच्या मोज्यांकडे बघत राहिली. तेव्हा लेकीचं हसू थांबलं.

"बाबा, ती परातीकडे बघतच नाहीये," ती हळूच म्हणाली. "ती तुमच्याकडे बघतेय. दुपारभर तुमच्याजवळच असते ना. तुम्ही हात घालाल तर ती घालेल."

आबांनी मोजे काढले, त्यांची नीट घडी केली आणि उठून हात धुवायला गेले. नळाखाली हात धरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आत्ता धुण्यासारखं हाताला काही लागलेलंच नाही. तरी त्यांनी साबण लावला. लेकीने काही टोचून म्हटलं नव्हतं, पण बोलणं लागायचं तिथे लागलं होतं. नात आपल्यासारखी आहे म्हणून आतल्या आत आपण सुखावत होतो, आणि ती बिचारी आपल्या परवानगीची वाट बघत काठावर उभी राहिली, असं काहीसं त्यांच्या मनात आलं आणि रात्रभर तिथेच घुटमळलं.

पुढच्या सकाळी घर रिकामं झाल्यावर आबांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नातीपुढे फजिती नको म्हणून आधी सराव करायचा बेत होता. तांदूळ फार सोपे वाटले. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं, की कॉर्नफ्लोअरमध्ये बेताने पाणी घातलं तर मुलांना वेड लागेल असा लगदा होतो. आबांनी परातीत पुडा रिकामा केला, वाटीने थोडं थोडं पाणी ओतलं आणि लाकडी चमच्याने ढवळलं. चमचा अडकला. जोर लावला तर जास्तच अडकला. सोडून दिला तर आपोआप सैल झाला आणि हळूहळू बुडाला.

"हे काय गौडबंगाल आहे?" आबा स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं, बाह्या दुमडल्या आणि डाव्या हाताची करंगळी लगद्यात टोचली. करंगळी गार पडली. अंगावर शहारा आला आणि त्यांनी ती झटकन बाहेर ओढली, पण लगद्याने ती सोडायला जरा वेळ घेतला. मग दोन बोटं घातली. मग मूठ आपटली, तर दगडावर आपटावी तशी लागली. मूठ उघडून तळवा टेकवला, तर तळवा अलगद आत गेला. आयुष्यभर काचेची जाडी केसाच्या अंतराने पारखलेला माणूस तो. घट्ट आणि पातळ यांच्या मध्ये असं काही असतं हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी मूठभर लगदा उचलून त्याची गोळी केली. वळत होते तोवर गोळी गोळी राहिली, आणि हात थांबताच बोटांतून ओघळून गेली. त्यांनी परत केली, ती परत ओघळली. शर्टाच्या बाहीला पांढरा ठिपका पडला तोही त्यांना दिसला नाही.

दार केव्हा उघडलं तेही कळलं नाही. मैदानावर काम निघाल्यामुळे खेळाचा तास रद्द झाला होता आणि आजी लवकर घरी आली होती. गळ्यात शिट्टी, काखेत पिशवी, आणि दारात उभी.

"अहो," ती म्हणाली. "बरं आहे ना तुम्हाला?"

आबा कोपरापर्यंत पांढरे झाले होते. "सराव करतोय," ते म्हणाले.

"कशाचा?"

"खेळायचा."

आजीच्या तोंडून एरवी अशा वेळी चार शब्द तरी सुटले असते. आज तिने पिशवी ओट्यावर ठेवली, स्टूल ओढलं, बांगड्या मागे सारल्या आणि आपलाही हात परातीत घातला. लगद्यात कुठेतरी तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली.

"रुमाल देऊ का?" आजीने विचारलं.

"राहू दे," आबा म्हणाले, आणि लाजले. पांढऱ्या लगद्याने माखलेला माणूस लाजला तर किती लाल दिसतो, हे आजीने नंतर लेकीला फोनवर सविस्तर सांगितलं.

त्याच दुपारी आबांनी परात गॅलरीत मांडली. खाली जुनी चादर अंथरली. घुबडीच्या अंगात फक्त चड्डी आणि बनियन ठेवला, स्वतःही जुना बनियन घातला आणि मांडी घालून बसले. या वेळी तिला काही सांगायचं नाही, दाखवायचं नाही, बोलवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सरळ दोन्ही हात परातीत घातले आणि गोळ्या वळायला लागले.

घुबडी आधी दारात उभी होती. मग उंबऱ्यावर आली. मग चादरीच्या कडेला. हात अजून वर होते, पण एवढे वर नव्हते. आबांनी गोळी वळली, तळव्यावर धरली, ती ओघळली. घुबडीने ओघळलेल्या धारेचा परातीपर्यंत पाठलाग केला, नजरेने. "गेली," ती म्हणाली.

"गेली," आबा म्हणाले आणि दुसरी केली.

"गेली."

आता ती परातीला खेटून उकिडवी बसली होती. तिचं एक बोट पुढे आलं आणि हवेतच थांबलं. आबांनी श्वास रोखून धरला. नेमकी तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दार लोटलेलंच होतं, तेव्हा येणारा माणूस स्वतःच आत आला. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करणारे हे गृहस्थ, गल्लीत त्यांना सगळे कानामात्राकाका म्हणायचे. पुस्तकातच काय, दुकानाच्या पाटीवर एखादी वेलांटी चुकलेली दिसली तरी ते आत जाऊन मालकाला सांगून यायचे. आबांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात किचकट गिऱ्हाईक. एका काचेसाठी ते आबांना रडकुंडीला आणायचे, आणि तरी आबांना सोडून दुसऱ्या कुणाकडे जायचे नाहीत. पुतण्याकडून केलेला नवा चष्मा नाकावर ठेवून ते आज तक्रारीला आले होते.

"चष्मेवाले!" त्यांनी दिवाणखान्यातूनच सुरुवात केली. "तुमच्या पुतण्याने डोळे काढले माझे. डाव्या काचेत ओळ तिरकी चालते. अनुस्वार आहे की माशी बसलीय तेच कळत नाही. आत्ताच्या आत्ता बघा."

एरवी आबा ताडकन उठले असते. आज त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "बसा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "मला आत्ता उठता येणार नाही."

कानामात्राकाका गॅलरीच्या दारात आले आणि आपल्या तिरक्या काचेतून समोरचं दृश्य बघू लागले. बनियनवर बसलेले, कोपरापर्यंत माखलेले आबा बघून आपला चष्मा खरंच फार बिघडलाय अशी त्यांची खात्री झाली असावी. पण माणूस शहाणा. तक्रार बाजूला ठेवून ते गुडघे सांभाळत सांभाळत चादरीवर टेकले आणि आबा बघत होते तिथे, त्या हवेतल्या इवल्या बोटाकडे, बघायला लागले.

बोट खाली आलं. लगद्याला टेकलं. घुबडीचा चेहरा आक्रसला, "छी" ओठांपर्यंत आलं. आबा आपली गोळी वळतच राहिले. बोट पेरभर आत गेलं, मग आणखी थोडं. मग घुबडीने ते उपटलं, त्यावरून ओघळणारी पांढरी धार बघितली, आणि तिच्या चेहऱ्यावर ओठाच्या एका कोपऱ्यातून हसू पसरत गेलं.

"गेली!" ती ओरडली, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत खुपसले.

पुढचं सगळं फार भराभर झालं. तिने लगदा थापटला, चाटला, तोंड वाकडं केलं, पुन्हा थापटला. आबांच्या गालाला लावला. मग तिला चादरीवर नवीन माणूस दिसला, आणि त्या माणसाच्या नाकावर दोन चकचकीत काचा दिसल्या. ती उठली, झुलत झुलत गेली आणि दोन्ही पंजे दोन काचांवर चापकन टेकवले.

कानामात्राकाका स्तब्ध बसून होते. चष्म्यावरून लगदा त्यांच्या मिशांवर हळूहळू उतरत होता. आबांनी तोंड उघडलं. एकच वाक्य त्यांना माहीत होतं, तेच जिभेवर आलेलं. पण ते बाहेर पडायच्या आधीच त्यांच्या पोटातून दुसरंच काहीतरी उसळलं. आबा हसले, खो खो हसले. डोळ्यांतून पाणी आलं तसं ते पुसायला गेले आणि लगदा डोळ्यांभोवतीही लागला.

कानामात्राकाकांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"हं," ते म्हणाले. "डावी काच आता जरा बरी वाटतेय. तुमच्या पुतण्यापेक्षा हिला नंबर चांगला लावता येतो."

"काका," आबा हसू आवरत म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः दुकानात जाऊन काच बदलून देतो."

"द्या, घाई नाही. ती परात जरा इकडे सरकवा. नुसतं बसून काय करायचं?"

लेक घरी आली तेव्हा गॅलरीत तिघं होती. तिने कानामात्राकाकांच्या मिशा बघितल्या, भिंतीवर उमटलेले पंजे बघितले, आणि बॅग तिथेच टाकून फोटो काढायला लागली. आजीने मात्र शिट्टी फुंकली, "खेळ संपला, सगळ्यांनी हात धुवा!" आणि मग हात धुवायला रांग लागली, तीत घुबडीने पहिला नंबर सोडला नाही. साबण तिला अजूनही आवडत होता.

आठवडाभरात घराचा रंग पालटला. परातीत एक दिवस ओट्स असायचे, एक दिवस कोमट पाण्यात साबणाचा फेस, एक दिवस मळलेलं पीठ, एक दिवस बर्फाचे मोठे तुकडे. घुबडी प्रत्येक गोष्टीला आधी मान तिरकी करून बघायचीच. तेवढं तिने सोडलं नाही. पण मग बाही वर करायची. आबा शेजारी बसून राहायचे, आणि बसून राहता राहता त्यांनाही हात घातल्याशिवाय चैन पडेना. कधी कधी घुबडी कंटाळून निघून जायची आणि आबा एकटेच परातीपुढे उरायचे. ते आजीच्या नजरेतून सुटायचं नाही.

"ती झोपलीय केव्हाची," आजी आतून ओरडायची. "तुम्हीही या आता!"

पाळणाघरातल्या ताईंनी पुन्हा एकदा आबांना दारात थांबवलं. "आबा, काळजीचं काही नाही हं," त्या म्हणाल्या, "पण आज तिने वाळूत पाणी ओतून तो चिखल सगळ्यांच्या डब्यात वाढला. जरा बेताने घ्या."

आबांनी गंभीरपणे मान डोलावली. गल्लीच्या वळणापर्यंत ते गंभीर राहिले. पुढे मात्र त्यांना ते जमलं नाही, आणि कडेवरची घुबडी त्यांच्या तोंडाकडे बघून हसायला लागली.

एका रविवारी सकाळी लेकीने गॅलरीत तीन कापडी पिशव्या आणून ठेवल्या. प्रयोगशाळेतली माती होती, तपासून झालेली, स्वच्छ आहे म्हणून खात्री केलेली. आजवर तिने कामावरची माती कधी घरात आणली नव्हती. ती दारातच बूट काढायची, पायऱ्यांवर पँटचे पाय झटकायची आणि सरळ न्हाणीघरात जायची. लहानपणी लागलेली सवय होती ती, आणि ती कुणामुळे लागली हे दोघांनाही माहीत होतं.

"चालेल ना बाबा?" तिने विचारलं. "नाहीतर गच्चीवर नेते."

"इथेच बरं आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी स्वतः परात पुढे ओढली.

तिने परातीत तीन ढीग केले, प्रत्येकावर थोडं पाणी शिंपडलं. घुबडीने मान तिरकी केली, तिन्ही ढिगांवरून नजर फिरवली आणि मधल्या ढिगावर जाऊन बसलीच. आजीने कपाळावर हात मारला. लेकीने एका ढिगातून चिमूटभर माती घेतली आणि आबांच्या बोटांत दिली.

"अशी चोळायची," ती म्हणाली, "अंगठा आणि बोटामध्ये. खसखस लागली तर तिच्यात वाळू आहे. पिठासारखी मऊ लागली तर गाळाची. चिकटली आणि तिची लांब वळी झाली तर चिकणमाती. आमच्याकडे यंत्रं आहेत, पण मी आधी अशीच बघते. बहुतेक वेळा बरोबर येतं."

आबांनी माती चोळली. मग लेकीच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडांना बारीक तपकिरी रेघ होती, धुऊनही न जाणारी. इतकी वर्षं ते तिला जेवायला बसताना "नखं बघ" म्हणत आले होते. आज त्यांनी ते हात पहिल्यांदाच कारागिराचे हात म्हणून बघितले. कुणी चष्म्याची काच उजेडात धरून पारखतं, कुणी माती चिमटीत धरून.

"तू रोज हेच करतेस?"

"रोज हेच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," लेक म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि तिने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून चोळायचा जोर किती हवा ते दाखवलं.

घुबडी दोन्ही मुठींत माती घेऊन आली आणि आबांच्या मांडीवर रिकामी करून परत गेली. आजी "अहो, पँट!" म्हणून ओरडली. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते डोळे मिटून माती चोळत होते, ओठ आवळून, विद्यार्थ्याने उत्तर आठवावं तसे.

"ही गाळाची," ते शेवटी म्हणाले. "पिठासारखी."

लेकीने त्यांच्या हातातली माती आपल्या बोटांत घेतली. "वाळूची. आणि तीही चांगली भरड. नापास, बाबा."

आजी इतकी हसली की गल्लीतून कुणीतरी वर बघितलं.

"पाणी कमी पडलं म्हणून तसं वाटलं," आबा म्हणाले. त्यांनी पाण्याची वाटी ओढून घेतली, बाही आणखी वर सारली आणि पुढच्या ढिगाकडे हात नेला. "दुसरी दे बघू. आणि या वेळी मध्ये बोलायचं नाही कुणी."